न्यायव्यवसायातील नवी साधने आणि आपले कर्तव्य

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात रत्नागिरी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वकिलीच्या व्यवसायात आयुष्य घालविलेल्या माणसास व्याख्यानाला बोलावले की तो कायद्याची कलमे वाचून दाखवील, अशी धास्ती श्रोत्यांस वाटते. ती आपण ठेवू नये. गेल्या वीस वर्षांत न्यायालयाचे दप्तर यंत्रावर आले आणि वकिलीचा व्यवसाय विस्तारला. त्यायोगे आपल्या कुटुंबांस काय लाभले आणि कोणती नवी जबाबदारी अंगावर आली, एवढेच सांगण्याचा माझा विचार आहे.

रत्नागिरी जिल्ह्याचे आणि कायद्याचे नाते जुने आहे. दापोलीजवळच्या मुरुडचे विश्वनाथ नारायण मंडलिक मुंबईच्या उच्च न्यायालयात सरकारी वकील झाले. याच शहरात जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी १८७९ साली कायद्याची पदवी घेतली. चिपळूणजवळच्या पेढे-परशुरामचे पांडुरंग वामन काणे यांनी वकिली करता करता धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला व १९६३ साली ते भारतरत्न झाले. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले. पुढे १९४९ च्या कायद्याने खोती गेली.

कोकणी माणूस भांडखोर म्हणून कोर्टाची पायरी चढतो, असे घाटावरचे लोक थट्टेने म्हणतात. खरे कारण जमिनीत आहे. डोंगरउतारावरचे लहान तुकडे, त्यांवर खोती आणि कुळवहिवाट यांचे जुने थर, एकेका सातबाऱ्यावर पंधरा-वीस सहहिस्सेदारांची नावे, आणि त्यांतील निम्मे पोटापाण्यासाठी मुंबईस गेलेले. अशा स्थितीत तंटा उपजला तर नवल कसले? गावी राहणारा म्हणतो, झाडे मी राखली. मुंबईकर म्हणतो, नाव माझेही आहे. दोघेही खोटे बोलत नसतात.

पूर्वी या मुंबईकराची अडचण अशी की, आपल्या जमिनीचे काय चालले आहे हे त्यास गणपतीला किंवा शिमग्याला गावी आल्यावरच कळे. उतारा हवा तर तलाठ्याचे दप्तर उघडे असावे लागे. दाव्याची तारीख कळण्यास वकिलाच्या कारकुनाचे पत्र यावे लागे. आज हे चित्र पालटले आहे. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात अंकीय स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. मिरा रोडच्या खोलीत बसून लांज्याच्या वरकस जमिनीचा उतारा आता पंधरा रुपयांत काढता येतो. न्यायालयांच्या संगणकीकरणाचे काम २००७ साली सुरू झाले. त्याच्या तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. प्रत्येक दाव्यास सोळा अक्षरांकांचा सी. एन. आर. क्रमांक असतो. तो हाताशी असला की पुढील तारीख व झालेला हुकूम पक्षकारास स्वतः पाहता येतो. २०२० च्या महामारीत तर न्यायाधीश एका गावी, वकील दुसऱ्या गावी आणि पक्षकार तिसऱ्या गावी, अशी सुनावणी पडद्यावर होऊ लागली.

अंतरही तुटले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ कोल्हापुरास सुरू झाले व रत्नागिरी जिल्हा त्याच्या कक्षेत आला. अपिलासाठी साडेतीनशे किलोमीटरांच्या घरातली मुंबई गाठण्याऐवजी आंबा घाट चढला की काम भागते. मंडणगडास न्यायालयाची नवी इमारतही ऑक्टोबर २०२५ मध्ये उघडली.

व्यवसायाचे रूपही असेच बदलले. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टाने देशभर वकिलांचा एकच वर्ग केला. पुढे राष्ट्रीय विधी विद्यापीठे निघाली. आपल्या राज्यात मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद येथे २०१४ ते २०१७ या काळात ती स्थापन झाली. आपली मुले आज मोठ्या कंपन्यांचे करारमदार तपासतात, परदेशी पेढ्यांचे काम येथे बसून करतात. याचा अभिमान अवश्य वाटावा. तथापि देशातील जिल्हा व तालुका न्यायालयांत साडेचार कोटींहून अधिक प्रकरणे तुंबली आहेत, हेही त्याच यंत्रावर ज्याला त्याला दिसते. यंत्राने तारीख दिसते. तारीख लवकर येत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. दप्तर घरी आले, परंतु त्याचा अर्थ आपोआप घरी येत नाही. सातबाऱ्यावर आपले नाव पाहून पुष्कळ मंडळी निर्धास्त होतात. सातबारा हा महसुलाचा अभिलेख आहे. तो खरा असल्याचे गृहीत धरले जाते, परंतु उलट पुरावा येईपर्यंतच. केवळ त्या नोंदीने मालकी उत्पन्न होत नाही आणि नोंद नसल्याने मालकी नष्टही होत नाही. मालकी खरेदीखत, वाटणी आणि वारसा यांवर उभी असते. दुसरी गोष्ट फेरफाराची. नवी नोंद कायम होण्यापूर्वी नोटीस निघते व हरकतीस पंधरा दिवस मिळतात. ही नोटीस आता ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावरही झळकते. महामार्गाने आणि पर्यटनाने जमिनीचे भाव चढलेले असताना जो महिन्यातून दोनदा ती चावडी पाहतो, त्यास वेळेवर हरकत घेता येते. जो पाहत नाही, त्यास पुढे वर्षानुवर्षे दावा लढवावा लागतो.

तिसरी गोष्ट आपल्या भगिनींची आहे, आणि ती मी मुद्दाम या सभेत काढतो. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीस मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. त्यासाठी दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी सांगितले. शासनाने २०२५ साली ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढून मयतांच्या जागी वारसांची नावे लावण्याचे काम हाती घेतले. अशा वेळी घरातल्या बहिणीचे नाव ‘राहून’ जात असेल, तर तो यंत्राचा दोष नव्हे. बहिणीने स्वखुशीने हक्क सोडणे वेगळे आणि तिला न विचारता वारस तपास उरकणे वेगळे. पूर्वी हे झाकले जाई. आज भाची परगावी बसून उतारा उघडते आणि आईला विचारते, ‘तुझे नाव का ग नाही?’

नव्या साधनांबरोबर नवे धोकेही आले. प्रश्न विचारताच अस्खलित उत्तर देणारी यंत्रे आता हाती आहेत. ती अस्तित्वात नसलेले निवाडेही तितक्याच आत्मविश्वासाने सांगतात. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने २०२३ साली असे बनावट निवाडे सादर करणाऱ्या वकिलांस पाच हजार डॉलरांचा दंड केला. जुलै २०२५ मध्ये केरळच्या उच्च न्यायालयाने जिल्हा न्यायालयांसाठी धोरण आखून निर्णय देण्याच्या कामी अशा यंत्राचा वापर निषिद्ध ठरविला. भाषांतरातही हीच गत. ‘लीव्ह ग्रँटेड’ म्हणजे अपिलास परवानगी दिली. यंत्राने ‘रजा मंजूर’ लिहिले, तर पक्षकार सुट्टीवर जायचा! यंत्राकडून माहिती घ्यावी. सल्ला मात्र सनदधारक वकिलाकडूनच घ्यावा.

दुसरा धोका भामट्यांचा. दूरध्वनीवर पोलिसाचा वेष आणि खोटे न्यायालय दाखवून ‘तुम्हांस डिजिटल अटक झाली आहे’ असे सांगतात आणि वृद्धांची आयुष्यभराची पुंजी उपटतात. अशी अटक आपल्या कायद्यात नाही. कोणतेही न्यायालय दूरध्वनीवरून पैसे मागत नाही. असा प्रसंग आल्यास फोन बंद करावा व १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

आणि ज्यांच्या हाती यंत्रच नाही त्यांचे काय? वाडीवर एकट्या राहणाऱ्या काकू-आजींना सांकेतिक शब्द नि अंकीय स्वाक्षरी ही दुसरी मोडी लिपीच होय. त्यांच्यासाठी न्यायालयांत ई-सेवा केंद्रे आहेत. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये कोणत्याही स्त्रीस, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. किती घरांत हे ठाऊक आहे?

येथे आपल्या संस्थेचे कर्तव्य येते. ज्ञातीने न्यायनिवाडा करण्याचे दिवस गेले, आणि गेले ते बरेच झाले. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली कायदाच केला आहे. आपण न्यायाधीश व्हावयाचे नाही. आपण वाटाड्या व्हावयाचे. माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, संस्थेच्या कार्यालयात महिन्यातून एक दिवस आपल्यातील एक अनुभवी वकील आणि यंत्र जाणणारा एक तरुण यांनी एकत्र बसावे. तरुणाने उतारा काढावा, ज्येष्ठाने तो वाचून दाखवावा. दुसरी, प्रत्येक कुटुंबाने गट क्रमांक, फेरफार, खरेदीखते आणि चालू दाव्यांचे क्रमांक एका वहीत उतरवून ठेवावेत व ती वही मुलांप्रमाणेच मुलींसही दाखवावी. तिसरी, भावाभावांचा तंटा लोकअदालतीत मिटविण्याचा आग्रह धरावा. तेथील निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, न्यायालयात भरलेले शुल्क परत मिळते आणि दोन घरांतला बोलण्याचा परिपाठ टिकतो.

बंधुभगिनींनो, आपल्या वाडवडिलांनी उताऱ्यासाठी पायपीट केली आणि तारखेसाठी एस. टी. च्या रांगेत दिवस घालविले. ती पायपीट आपली चुकली आहे. वाचलेला तो वेळ आपला कागद समजून घेण्यात आणि ज्याला तो समजत नाही त्याच्या शेजारी बसण्यात खर्ची पडावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.