निकाह चिपळूणचा आणि निकाह लंडनचा

 

पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय 'परदेशातील स्थळे: संधी आणि आव्हाने' असा छापलाय. एवढ्या मोठ्या विषयावर बोलायची माझी ऐपत नाही. मला एकाच देशाचं थोडंफार माहीत आहे, तेही इंग्लंड आणि वेल्सपुरतं. स्कॉटलंडचा विवाह कायदा वेगळा आहे. मी वकीलही नाही. 2019 साली मी चिपळूणहून पूर्व लंडनला लग्नासाठी पाहुणी म्हणून गेले, तिथं लग्न केलं, परत आले आणि इथून पत्नीच्या व्हिसाचा अर्ज केला. तिकडे स्थायिक झाल्यावर आपल्या कोकणातून आलेल्या मुलींचे कागद भरायला बसू लागले. त्यातून जे कळलं तेवढंच सांगते.

सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण ती ऐकून इथले बुजुर्गही चमकतात. चिपळूणच्या मोहल्ल्यात झालेला निकाह इंग्लंडचा कायदा लग्न म्हणून मानतो. तोच निकाह, तेच दोन साक्षीदार, तोच मेहर, तोच खुतबा, पण लंडनमधल्या घराच्या दिवाणखान्यात झाला, तर मानत नाही. हा धर्माचा भेद नाही, जागेचा आहे. लग्न ज्या देशात झालं तिथल्या कायद्याने ते वैध असेल, तर इंग्लंडही ते वैध धरतं. भारतात मुस्लिम व्यक्तिगत कायद्यानुसार निकाह हेच लग्न. इंग्लंडमध्ये मात्र लग्न रजिस्ट्रार ऑफिसात लागतं, किंवा लग्नासाठी नोंदणी झालेल्या जागेत कायद्याची रीत पाळून लागतं. तिथल्या बहुसंख्य मशिदींची अशी नोंदणी नाही. म्हणजे मशिदीत निकाह झाला, चारशे माणसं बिर्याणी जेवून गेली, तरी सरकारदरबारी ती मुलगी अविवाहित.

हे किती टोकाला जातं ते 'अख्तर विरुद्ध खान' या खटल्यात दिसलं. 1998 साली लंडनच्या साउथॉल भागात एका रेस्टॉरंटमध्ये निकाह झाला. पुढे चार मुलं झाली. त्या बाई स्वतः सॉलिसिटर. नोंदणीचं लग्न करू या, असं त्या नवऱ्याला सांगत राहिल्या. ते झालं नाही. 2016 मध्ये त्या घटस्फोटासाठी न्यायालयात गेल्या, तेव्हा नवऱ्याचं म्हणणं असं की आमचं कायदेशीर लग्न झालेलंच नाही. 2018 मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना थोडा आधार दिला, पण फेब्रुवारी 2020 मध्ये अपील न्यायालयाने निकाल फिरवला: हा समारंभ कायद्याच्या दृष्टीने लग्नच नाही, त्यामुळे लग्न मोडल्यावर मिळणारे हक्कही नाहीत. वकिलीण बाईची ही गत, तर खेडच्या बारावी झालेल्या मुलीचं काय?

आता पाहुणी म्हणून जाण्याबद्दल. लग्न लंडनलाच करायचं ठरलं, कारण माझ्या सासूबाईंचं डायलिसिस चालू होतं, त्यांना प्रवास शक्य नव्हता. फोनवर तिकडच्या एका काकांनी तोडगा काढला: "टुरिस्ट व्हिसावर ये, घरी निकाह करून टाकू, पुढचं तिथं बघू." हे वाक्य अनेक घरांत बोललं जातं, म्हणून त्याचे तुकडे करून सांगते. साध्या पर्यटक व्हिसावर तिथं लग्न करता येत नाही, लग्नाची नोटीससुद्धा देता येत नाही. त्यासाठी 'मॅरेज व्हिजिटर' नावाचा वेगळा व्हिसा आहे. तो सहा महिन्यांचा असतो आणि लग्न झाल्यावर परत जाणार हे पटवून द्यावं लागतं. राहिलं 'तिथं बघू'. पाहुण्याला तिथं राहून पत्नीच्या व्हिसात बदल करून घेता येत नाही, व्हिसा साधा असो वा लग्नाचा. परत यावंच लागतं आणि अर्ज इथून करावा लागतो. हेतू लपवून व्हिसा काढल्याचं सिद्ध झालं, तर बंदी दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते. आणि व्हिसाची मुदत ओलांडून राहिलेल्या मुलीची सगळी दोरी सासरच्या हातात जाते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तिला डॉक्टरकडे जायची भीती, पोलिसांकडे जायची त्याहून जास्त.

तिसरा मार्ग 'फियान्से' व्हिसाचा. त्यावर सहा महिन्यांत तिथं लग्न करायचं आणि तिथूनच पुढचा अर्ज करायचा, परत यावं लागत नाही. पण त्या काळात नोकरी करता येत नाही आणि खर्च दोनदा होतो.

माझे अब्बा एसटीत कंडक्टर होते. काकांना त्यांनी फोनवर सांगितलं, "भाईसाहेब, माणूस सीटवर बसलाय हे मलाही दिसायचं. पण तपासनीस गाडीत चढला की तो तिकीटच विचारतो." त्यावर निकाहवर विश्वास नाही का, असं पलीकडून आलंच. अब्बा म्हणाले, विश्वास आहे म्हणूनच निकाहही करतोय.

तर मी मॅरेज व्हिजिटर व्हिसावर गेले. ज्या भागात नोटीस द्यायची तिथं आधी किमान सात दिवस राहायला लागतं. मग आम्ही दोघं नोटीस द्यायला गेलो. नोटिशीनंतर 28 दिवस थांबायचं. लग्नाचा योग्य व्हिसा नसेल, तर प्रकरण होम ऑफिसकडे जाऊन ही मुदत 70 दिवसांपर्यंत वाढू शकते. परतीचं तिकीट काढताना हा हिशेब ठेवा, नाहीतर लग्नाच्या आधीच विमान सुटायचं. रजिस्ट्रारसमोरचा विधी पंधरा-वीस मिनिटांचा. त्यात कुठलाही धार्मिक मजकूर चालत नाही. दोन साक्षीदार तिथंही लागतात. संध्याकाळी घरी निकाह. आपण कोकणी शाफई, वली हवाच. अब्बा येऊ शकले नव्हते, त्यांनी लंडनच्या मामूंना वकील नेमलं होतं. जाता जाता सांगते, माझ्या 2019 च्या इंग्रजी दाखल्यावर दोघांच्या फक्त वडिलांची नावं आहेत. मे 2021 पासून तिथं आईचं नावही घालायला लागले. पुढारलेल्या देशालाही वेळ लागतो.

लग्नानंतर तीन आठवड्यांनी मी चिपळूणला परत. नवी नवरी माहेरी. "काही झालं का गं?" असं शेजारच्या खाला रोज विचारायच्या. त्या महिन्यांत मी इंग्रजीची परीक्षा दिली. पहिल्या अर्जाला ए-1 म्हणजे अगदी साधी, बोलण्याची आणि ऐकण्याची पातळी लागते. तिला घाबरू नका, पण पुढे मुदतवाढीला ए-2 आणि कायम वास्तव्याला बी-1 लागते, म्हणून शिकणं थांबवू नका. मुंबईत क्षयरोगाची तपासणी करून घेतली, भारतातून जाणाऱ्यांना ती सक्तीची आहे. या सगळ्या फाइलमध्ये माझा निकाहनामा कुणी मागितला नाही. रजिस्ट्रारचा दाखला मागितला.

आणि मागितला नवऱ्याचा पगार. जुलै 2012 पासून तिथं नियम आहे की बायकोला आणणाऱ्याचं वर्षाचं उत्पन्न ठरावीक रकमेच्या वर हवं. माझ्या वेळी 18,600 पौंड होतं. 11 एप्रिल 2024 पासून नव्या अर्जदारांना 29,000 पौंड, म्हणजे तीस लाख रुपयांहून जास्त. ते 38,700 वर न्यायची घोषणा झाली होती, पण पुढच्या सरकारने ती थांबवली. मुलीचा इथला पगार कितीही असो, पहिल्या अर्जात तो धरत नाहीत. उत्पन्न नसेल तर बचत दाखवता येते. फक्त बचतीवर जायचं तर 88,500 पौंड, तेही सहा महिने खात्यात असलेले. माझा नवरा गोदामात कामाला होता आणि शनिवार-रविवारी नात्यातल्या एकाच्या दुकानात. दुकानाचा पगार रोख मिळायचा. तो मोजलाच जात नव्हता, कारण पे-स्लिप आणि बँकेतली जमा जुळावी लागते. दुकानदाराला रीतसर पगार द्यायला राजी करण्यात आमचे दोन महिने गेले, मग पुढचे सहा महिने स्लिपा जमवण्यात. स्थळ बघायला जाताना आपण मुलाचं घर, गाडी, पंचवेळ नमाजी आहे का, सगळं विचारतो. त्याचा पगार बँकेत जमा होतो का, हे विचारायला लाजतो.

खर्च एप्रिल 2025 च्या दराने सांगते: अर्जाची फी 1,938 पौंड, आरोग्य अधिभार 3,105 पौंड. यात वकील, परीक्षा, तिकीट धरलेलं नाही. मिळतो 33 महिन्यांचा व्हिसा. तो एकदा 30 महिन्यांनी वाढवायचा, म्हणजे पुन्हा पैसे, आणि पाच वर्षांनी कायम वास्तव्याचा अर्ज. दर जवळपास दरवर्षी वाढतात, तेव्हा सरकारी संकेतस्थळावर त्या दिवशीचा आकडा बघा. एजंटच्या तोंडी हिशेबावर जाऊ नका.

हा संशयाचा कारभार आहे, हे मी लपवणार नाही, आणि तो जुना आहे. जानेवारी 1979 मध्ये एक भारतीय शिक्षिका लग्नासाठी हीथ्रो विमानतळावर उतरली. वय 35. ती खरंच अविवाहित आहे का हे बघण्यासाठी तिची कौमार्य तपासणी केली गेली. बातमी फुटल्यावर गदारोळ झाला आणि ती पद्धत बंद करावी लागली. पुढे 1997 पर्यंत लग्नाचा 'मुख्य हेतू' तिथं राहायला मिळणं हा नाही, हे आपल्यासारख्यांना सिद्ध करावं लागायचं. आज अंगाला हात लावत नाहीत, बँकेचं पासबुक तपासतात. यावर तिथले लोक लढतायत, लढायलाच हवं. पण त्या लढ्याचा निकाल लागेपर्यंत आपली मुलगी अर्धवट कागदावर पाठवायची, हा कुठला न्याय?

ती पाच वर्षं मुलीसाठी नाजूक असतात. व्हिसा नवऱ्याच्या नावाने, सरकारी मदत बंद. "एक ईमेल टाकीन, परत पाठवतील" ही धमकी मी इतक्या जणींकडून ऐकलीय की आता वाक्य पुरं व्हायच्या आधी मला कळतं. म्हणून हे लक्षात ठेवा: पत्नीच्या व्हिसावर असताना नवऱ्याच्या किंवा सासरच्या छळामुळे संसार मोडला, तर तिला स्वतःच्या नावाने कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. तोपर्यंत तीन महिन्यांची सवलत मागता येते, त्यात काम आणि सरकारी मदत दोन्ही मिळू शकतं. काही जणींना 'तुझ्या भावाच्या लग्नाला जाऊ' म्हणून इथं आणतात, पासपोर्ट काढून घेतात आणि नवरा एकटा निघून जातो. अशा मुलीला 2024 पासून भारतातूनही अर्ज करायची वाट आहे. पण हे दरवाजे व्हिसा घेऊन गेलेल्या पत्नीसाठी आहेत. पर्यटक म्हणून जाऊन घरगुती निकाह केलेलीला ते बंद.

तलाकचंही तसंच. इंग्लंडमध्ये बसून उच्चारलेला तलाक, एकदा असो की तीनदा, तिथला कायदा घटस्फोट धरत नाही. तो फक्त न्यायालय देतं. रजिस्टर लग्न झालेल्या बाईला व्हॉट्सअ‍ॅपवर तीन शब्द पाठवले, तरी ती पत्नीच राहते, घरात आणि पोटगीत तिचा दावा राहतो. नुसत्या निकाहवालीचं मोडायला कायद्याच्या लेखी काही नसतंच. नवरा मृत्युपत्र न करता वारला, तरी पत्नी म्हणून वारसा नाही. आणि ज्याची एक बायको तिथं आहे अशा माणसाचं स्थळ कुणी आणलं, तर उठून चहाचे कप आवरा. दुसऱ्या बायकोला तो देश व्हिसा देत नाही.

मग कुठे लग्न करावं? जमत असेल तर इथं. निकाह करा आणि 1998 च्या महाराष्ट्राच्या विवाह नोंदणी कायद्याखाली नोंदवा. गावात ग्रामपंचायतीत, शहरात नगरपरिषदेत किंवा महापालिकेत. काझींचा उर्दू निकाहनामा असेल, तर प्रमाणित भाषांतर करून ठेवा, आणि नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी जुळतंय का ते मेहंदीच्या आधी बघा. शेख, शाइख, वडिलांचं नाव मध्ये की नाही, यावर अर्ज अडतात. गोव्यातल्या आपल्या नातेवाइकांना हे सांगावं लागत नाही. तिथं पोर्तुगीज काळापासून सगळ्या धर्मांच्या लोकांना सरकारी नोंदणी करावीच लागते, आणि त्यामुळे त्यांचा निकाह काही पातळ झालेला दिसत नाही. व्हिडिओ कॉलवरच्या निकाहपासून मात्र लांब राहा. मुलगा लंडनला, मुलगी दापोलीला, तर लग्न कुठे झालं यावरच वाद सुरू होतो. शिवाय व्हिसासाठी दोघं प्रत्यक्ष भेटलेले असावे लागतात.

तिथंच करायचं असेल तर आधी रजिस्ट्रार, मग निकाह. त्या दिवशी नाही तर आदल्या दिवशी. 'नंतर करू' म्हणणाऱ्याला तारीख विचारा. 2018 मध्ये ब्रिटिश सरकारने नेमलेल्या प्रा. मोना सिद्दीकी यांच्या समितीनेही हेच सुचवलं होतं की नागरी विवाह निकाहच्या आधी किंवा सोबत व्हावा. मेहर इंग्रजी दाखल्यावर लिहायला जागा नसते, तो निकाहनाम्यातच राहतो, म्हणून दोन्ही कागद मुलीच्या स्वतःच्या ताब्यात असू द्या. पासपोर्टच्या फोटोप्रती माहेरी ठेवा.

माझं झालं. ज्यांनी फाइल आणल्यायत त्यांनी मागच्या खोलीत या, आयांनाही घेऊन या. माझी रत्नागिरीची गाडी साडेसहाला आहे.