वसतिगृहात माणूस घेताना

(साक्री येथे वसतिगृहाचे सेवक, पंच व देणगीदार यांच्या सभेत केलेले भाषण)



मला वसतिगृहाचा अहवाल वाचायला सांगितलं होतं. तो छापून तुमच्या हातात दिलाच आहे. मुलं किती, धान्य किती, दहावीचा निकाल काय, सगळं त्यात आहे. मी वेगळं बोलते, कारण जूनमध्ये आपल्याला मुलींसाठी एक रेक्टर, एक स्वयंपाकी आणि एक रात्रीचा पहारेकरी घ्यायचा आहे.

2009 ची गोष्ट. मी एका वसतिगृहात हिशेब लिहायचे. गाव आणि संस्था सांगत नाही. तिथल्या एका कामगाराबद्दल सहावीतल्या मुलीने स्वयंपाकाच्या बाईजवळ काही सांगितलं. पंच बसले. संस्थेचं नाव जाईल, मुलीचंही लग्न अडेल, असं बोलणं झालं. त्याला महिन्याचा पगार देऊन निरोप दिला. दोन महिन्यांनी दुसऱ्या एका वसतिगृहातून फोन आला आणि तो मी उचलला. "माणूस कसा आहे?" मी म्हटलं, "वक्तशीर आहे, कामाला चांगला आहे." ते खरंच होतं, तो वक्तशीरच होता. पुढे तिथे काय झालं ते मला माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही.

अशा माणसांची सरकारकडे यादी नसते का, असं तुमच्यापैकी काही जण विचारतात. आहे. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही 20 सप्टेंबर 2018 रोजी सुरू झाली. त्या दिवशीच तिच्यात 4 लाख 40 हजारांच्या आसपास नोंदी होत्या. पण ती फक्त पोलिसांना पाहता येते. आपल्यासारख्या संस्थेला थेट विचारता येत नाही. दारोदार नावं लावली तर जमाव हातात काठ्या घेईल, म्हणून ती बंद ठेवली आहे, आणि ते मला पटतं. 2018 मध्येच आपल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून पाच निरपराध भटक्यांना जमावाने मारलं. ते आपण विसरलेलो नाही.

पण यादी गावाला न दाखवताही संस्थेला उत्तर देता येतं. इंग्लंडमध्ये 2002 साली सोहम या गावी एका शाळेच्या रखवालदाराने दहा वर्षांच्या दोन मुलींना मारलं. त्याच्याविरुद्ध आधी दुसऱ्या जिल्ह्यात तक्रारी झाल्या होत्या, पण त्या नव्या शाळेपर्यंत पोचल्याच नाहीत. चौकशी झाली, कायदा बदलला. आता तिथे मुलांमध्ये काम करणाऱ्याला घेण्याआधी संस्थेने एका सरकारी कार्यालयाला विचारायचं असतं. उत्तर संस्थेपुरतं मिळतं, गावात चर्चा होत नाही. आपल्याकडेही असंच व्हावं, अशी मागणी मंडळींच्या सह्यांनी करावी असं मला वाटतं.

मात्र यादीतून बाहेर पडायलाही दार हवं. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याच्या यादीत हम्फ्रीज नावाच्या नवराबायकोचं नाव आलं. मुलीने तक्रार केली होती. पुढे न्यायालयाने दोघांना निर्दोष ठरवलं, तरी नाव निघेना, कारण नाव काढायची सोयच नव्हती. त्या जोडप्याला वरच्या न्यायालयात भांडावं लागलं. आपल्या पाड्यांवरच्या माणसाला वकील कुठला परवडणार?

इथे मला आपली एक अडचण सांगायलाच हवी. ऊसतोडीला गेलेली सतरा वर्षांची मुलगी आणि वीस वर्षांचा मुलगा संगनमताने पळून जातात, घरचे तक्रार करतात, पॉक्सो लागतो. कायदा अठरा म्हणतो, आणि लवकर लग्न मलाही नकोच आहे. तरी त्या पोराचं नाव आणि वसतिगृहात रात्री खोलीत शिरणाऱ्याचं नाव एकाच ओळीत बसू नये. 2023 मध्ये विधी आयोगानेही सोळा ते अठरा वयाच्या अशा प्रकरणांत न्यायाधीशांना शिक्षेबाबत मोकळीक द्यावी असं सुचवलं.

हे झालं सरकारचं. आपलं काय? पॉक्सोच्या 2020 च्या नियमांत स्पष्ट आहे, मुलं राहतात त्या प्रत्येक संस्थेने नोकरांची पोलीस पडताळणी करायची, आणि एकदाच नाही, ठराविक काळाने पुन्हा. आपण ती रेक्टरची करतो. स्वयंपाक्याची नाही, भाजी आणणाऱ्याची नाही, रविवारी गाणी शिकवायला येणाऱ्या तरुणाची तर नाहीच, कारण तो आपल्यातलाच. फ्रेडी पीट्सही मडगावच्या लोकांना आपलाच वाटे. अनाथ मुलांचा आश्रम चालवायचा, लोक त्याला फादर म्हणायचे. 1991 मध्ये पकडला गेला, 1996 मध्ये जन्मठेप झाली.

शिवाय पडताळणीत काय निघणार? ज्याच्याविरुद्ध कोणी पोलिसांत गेलंच नाही, त्याचा कागद कोराच येतो. मी 2009 मध्ये ज्याला वक्तशीर म्हटलं, त्याचाही कोराच आला असता. तेव्हा तक्रार करायची की नाही हे आमच्या मर्जीवर होतं. आता नाही. 2012 पासून कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रमुखाने लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. पंचांची बैठक ही पोलीस ठाण्याची जागा घेऊ शकत नाही. बैठक नंतर घ्या, आधी ठाणं, किंवा 1098 ला फोन.

नव्या नोकरांसाठी मी एक अर्ज तयार केला आहे. मागच्या टेबलावर ठेवला आहे, जेवणाआधी वाचा. सातव्या प्रश्नात मागचं काम का सोडलं आणि तिथल्या प्रमुखाचा नंबर विचारला आहे. तिथे फोन मी स्वतः करणार, आणि आपल्याला कोणी विचारलं तर उत्तर लेखी जाणार. तो प्रश्न अपमानकारक आहे, काढून टाका, असं दोघा वडीलधाऱ्यांनी मला सांगितलं. त्यांचा मान राखून सांगते, मी तो काढलेला नाही.