गाणाऱ्या पक्ष्याची खानेसुमारी

उत्तर अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या रेताड भूमीवर जॅक पाइन नावाच्या वृक्षांची जी अरण्ये आहेत, त्यांत दर वसंतात बहामा बेटांकडून एक चिमुकला पक्षी विणीसाठी येतो. त्यास कर्टलँडचा वटवट्या म्हणतात. पाठ निळसर करडी, पोट पिवळे, आणि कंठ असा खणखणीत की शांत पहाटे त्याचे गायन पाव मैलावरूनही ऐकू यावे. परंतु आज मी बोलणार आहे ते त्याच्या गायनाच्या माधुर्याविषयी नव्हे, तर त्या गायनाच्या आधाराने होत आलेल्या त्याच्या शिरगणतीविषयी.

दाट झाडीतला इवलासा पक्षी डोळ्यांनी मोजणे अशक्यप्राय होय. मात्र विणीच्या हंगामात प्रत्येक नर आपल्या हद्दीवरचा हक्क गाऊन जाहीर करीत असतो. म्हणून जूनच्या आरंभी, पहाटेच्या प्रहरी, माणसे ठरावीक अंतराने आखलेल्या सरळ वाटांनी झाडीतून चालतात, थबकून कान देतात, प्रत्येक गाणाऱ्या नराची जागा नकाशावर टिपतात आणि एकच पक्षी दोनदा दफ्तरी लागू नये म्हणून खुणा परस्परांशी ताडून पाहतात. हॅरल्ड मेफील्ड या गृहस्थांनी, ज्यांचा पेशा पक्षिशास्त्राचा नव्हता, १९५१ साली पहिली गणना घडवून आणली, तेव्हा ४३२ गाणारे नर भरले. १९६१ साली ५०२ भरले. आणि १९७१ साली केवळ २०१.

या ऱ्हासाचे एक कारण काउबर्ड नावाच्या पक्ष्यात सापडले. मूळचा हा गवताळ मैदानांचा रहिवासी. परंतु माणसाने अरण्ये तोडून शेते केली तसा तो पूर्वेकडे पसरला, आणि आपल्याकडे कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते तशी वटवट्याच्या घरट्यात आपली अंडी घालू लागला. १९७२ पासून काउबर्डांना सापळ्यांत पकडण्याचा बंदोबस्त झाला, घरट्यांतून पिले पुन्हा सुखरूप उडू लागली. तरीही १९७४ साली नर भरले १६७, आणि १९८७ साली, पंधरा वर्षांच्या बंदोबस्तानंतरही, पुन्हा १६७च.

पिले वाढत असता पक्षी का वाढू नयेत, हा प्रश्न त्या स्थिर आकड्याने विचारला, आणि त्याचे उत्तर अरण्याच्या वयात मिळाले. हा पक्षी घरटे जमिनीवर बांधतो, तेही ज्यांच्या खालच्या फांद्या अद्याप भुईला टेकलेल्या आहेत अशा, सुमारे पाच ते वीस वर्षांच्या कोवळ्या झाडांखाली. वृक्ष प्रौढ झाले की तो ती जागा सोडतो. जॅक पाइनची राळेने बंद झालेली फळे वणव्याच्या धगीने उमलून बी सांडतात, आणि माणसाने तर वणवे विझवण्याचा शिरस्ताच घालून दिला होता. १९८० साली मिशिगनमधल्या मॅक लेकजवळ हाताबाहेर गेलेल्या आगीने हजारो एकर रान जळाले. पुढे तेथे नवी झाडी वयात आली, तशी नव्वदच्या दशकात गणनेची रेघ झपाट्याने चढू लागली. मोठी झाडे तोडून नवी रोपे लावण्याचे कामही नेटाने चालले. आणि २०१९ साली या पक्ष्याचे नाव संकटग्रस्त जातींच्या सरकारी यादीतून वगळण्यात आले.

तथापि यादीतून नाव गेले म्हणून मोजदाद संपत नाही. अमेरिकेचा कायदाच अशा जातीवर निदान पाच वर्षे नजर ठेवण्यास फर्मावतो, आणि ते यथार्थ आहे; कारण झाडी दरवर्षी वयाने वाढते, आणि नवी लागवड थांबली तर पक्ष्याचा आसराही हळूहळू संपतो.

श्रोतेहो, एकट्या वर्षाचा आकडा मुका असतो. त्यास वाचा फुटते ती मागल्या आकड्याशेजारी मांडल्यावर. १९५१ आणि १९६१ या सालांच्या नोंदी नसत्या, तर १९७१ चे २०१ नर पाहून ‘हा पक्षी असाच दुर्मिळ असावयाचा’ असे म्हणून लोक स्वस्थ राहिले असते. म्हणून ज्या रानात आज पक्षी मुबलक गातात, तेथेच त्यांची पहिली गणती आधी झाली पाहिजे; संकट उभे राहिल्यावर ती करू म्हटले, तर काय हरवले हे सांगणारा आकडा पुढील पिढीच्या दफ्तरात कधीच असणार नाही.