काचेच्या टाकीतला उजेड



आयुष्यभर गिरणीच्या फाटकाशी उभे राहून बोललेल्या माणसाने मत्स्यपेटीवर व्याख्यान द्यावे, याचे आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. माझा अधिकार एवढाच, की आमच्या युनियनच्या कचेरीत साठ लिटरांची एक टाकी आहे आणि तिने मला चांगलेच शिकवले आहे.

ती मांडली तेव्हा मला वाटले, वनस्पतींना उजेड हवा, तर तो भरपूर द्यावा. टाकी खिडकीशी ठेवली. सकाळी झाडू मारणारा दिवा लावी आणि रात्री कुलूप घालणारा तो मालवी; असे चौदा तास होत. तीन आठवड्यांत काच हिरवी झाली, पानांवर केसांसारखे तंतू चढले. दुकानदाराने शेवाळ मारण्याचे औषध दिले. शेवाळ गेले खरे, पण दोन दिवसांत गोगलगायी गेल्या आणि मागोमाग सगळ्या कोळंब्या. औषधात तांबे होते; माशाला सोसेल इतके तांबेही कोळंबीला मारते, हे मला नंतर वाचून कळले. कामगारांची मुले शाळा सुटल्यावर त्या कोळंब्या मोजायला येत. त्यांना काय सांगावे, ते मला सुचेना. आणि महिनाभरात शेवाळ परत आले ते आलेच!

औषधाने कारण जात नाही, एवढे तेव्हा उमगले. मग कारण कोणते?

झाडाचे अन्न करण्याचे काम उजेडाने चालते. पण कच्चा माल म्हणून कार्बन डायऑक्साइड लागतो, शिवाय नत्र, पालाश, लोह ही खतेही लागतात. हवेच्या सान्निध्यात स्वस्थ असलेल्या एक लिटर पाण्यात हा वायू जेमतेम अर्धा मिलिग्रॅम असतो आणि पाण्यात तो हवेपेक्षा सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. अशा वेळी आपण उजेड वाढवतो, म्हणजे माल न पुरवता यंत्राचा वेग वाढवतो. त्याचा परिणाम काय होतो, हे माझ्यासमोर बसलेल्या कामगारबंधूंना सांगायला नको. झाड उपाशी राहते, त्याची जुनी पाने कुजतात, आणि थोडक्यात भागवणारे शेवाळ त्यांवर पोसते.

ही गोष्ट नवी नाही. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० च्या सुमारास एका भांड्यात सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया एकत्र ठेवली. पाने कुजू लागली, पाणी बिघडू लागले. त्यांनी औषध शोधले नाही. कुजलेली पाने आणि शेवाळ खाणाऱ्या तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या, आणि भांडे सावरले.

आता दिवा कोणता घ्यावा? वॅट पाहून घेऊ नये. वॅट म्हणजे खाल्लेली वीज. खोक्यावर ल्यूमेनचा आकडा असतो, तो पाहावा. वायूची नळी न जोडलेल्या साध्या टाकीला दर लिटरला पंधरा ते वीस ल्यूमेन पुरतात. माझ्या साठ लिटरांना नऊशे ते बाराशे, म्हणजे नऊ-दहा वॅटांचा एलईडी. चाळीसच्या वर जायचे तर वायू आणि खत यांचा पुरवठा करायलाच हवा. रंग ६५०० केल्विनचा, दिवसाच्या उजेडासारखा असावा. शेवाळाला न आवडणारा दिवा म्हणून कोणी काही विकू लागले, तर विश्वास ठेवू नका. हिरव्या शेवाळाचे हरितद्रव्य झाडासारखेच आहे. (या छंदावर दोन अमानोंचे उपकार आहेत. निळ्या एलईडीसाठी २०१४ साली ज्या तिघांना नोबेल मिळाले, त्यांतले एक हिरोशी अमानो. आणि शेवाळ खाणारी कोळंबी टाकीत रूढ करणारे ताकाशी अमानो. पुष्कळ दिवस मी त्यांना एकच गृहस्थ समजत होतो!)

दिव्याच्या निवडीपेक्षाही तास महत्त्वाचे. नव्या टाकीला सहा तास, झाडे रुजल्यावर फार तर आठ. आठ तासांच्या दिवसासाठी उभा जन्म भांडलेल्या मी झाडांना मात्र चौदा तास राबवले, याची मला शरम वाटते. हे काम माणसाच्या आठवणीवर सोडू नये, टायमर लावावा. थेट ऊन टाळावे. पहिल्या दिवसापासून हायड्रिलासारखी भराभर वाढणारी झाडे दाट लावावीत, अन्न बेताने घालावे आणि आठवड्याला तृतीयांश पाणी बदलावे. नव्या टाकीतला तपकिरी थर बहुधा आपोआप जातो. पाणीच हिरवे झाले, तर दिवा बंद करून तीन-चार दिवस टाकी जाड कापडाने झाकावी. मात्र हवेचा पंप चालू ठेवावा, कारण मेलेले शेवाळ कुजताना प्राणवायू खाते.

आमच्या कचेरीत खिडकीला आता पडदा आहे. पुढची काच मी दर रविवारी पुसतो, मागची मुद्दाम पुसत नाही. तिथले शेवाळ नव्या कोळंब्या खातात. मुले पुन्हा मोजायला येतात. प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो, कारण निम्म्या कोळंब्या पानांआड असतात.