श्वानशिक्षण : छडीने की गोडीने?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या व्यासपीठावरून याच मालेत ज्ञानेश्वरीवर आणि नाट्यसंगीतावर व्याख्याने झाली, तेथून कुत्र्याविषयी बोलण्याची आज्ञा कार्यकारिणीने मला करावी, याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु दत्तमहाराजांच्या पायाशी चार श्वान पाहणाऱ्या आणि धर्मराजाबरोबर स्वर्गाच्या दारापर्यंत कुत्र्याला नेणाऱ्या आपल्या परंपरेला हा विषय परका नाही. शिवाय त्याला एक अगदी व्यावहारिक बाजू आहे. आपल्यापैकी बहुतेकजण बदलीच्या नोकरीतले. परमुलखात मुलांना सोबत म्हणून पिल्लू आणले जाते. वर्षभरात ते अनावर होते, शेजारी तक्रार करतात, मग ते साखळीला जखडले जाते आणि पुढची बदली झाली की वसाहतीच्या फाटकाबाहेर उरते. गळ्यात पट्टा असलेली अशी बेवारशी कुत्री मी अनेक सरकारी वसाहतींत पाहिली आहेत. त्यांच्यात उपजत खोट होती असे मला वाटत नाही. कोणी त्यांना शिकवलेच नव्हते, किंवा मारून शिकवले होते.

मी पशुवैद्य नव्हे, कला शाखेचा साधा पदवीधर आहे. तथापि गेली पंचवीस वर्षे घरात कुत्रे आहे, आणि या विषयावर मिळेल ते वाचीत आलो आहे.

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. शेपटाविषयी ती खरी असेल, स्वभावाविषयी नाही. मारावाचून कुत्रे वळत नाही, या समजुतीला पाश्चात्त्यांकडून शास्त्राचा आधारही मिळाला होता. रुडोल्फ शेंकेल यांनी प्राणिसंग्रहालयातील बंदिस्त लांडग्यांचे निरीक्षण करून १९४७ साली असे मांडले, की कळपात वर्चस्वासाठी सतत झगडा चालतो. त्यावरून पुढे श्वानशिक्षकांनी निष्कर्ष काढला, की मालकाने कुत्र्याला दाबात ठेवून कळपाचा म्होरक्या बनले पाहिजे. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या ग्रंथाने ही कल्पना सर्वत्र पसरली. परंतु मोकळ्या रानातील लांडग्यांचा दीर्घकाळ अभ्यास केल्यानंतर त्याच मेक यांनी १९९९ साली लिहिले, की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले असे एक कुटुंब असते. म्होरक्या म्हणून ज्याला ओळखले, तो पिल्लांचा बाप निघाला! आणि कुत्रा तर लांडगाही नव्हे. हजारो वर्षे माणसाच्या दारी राहिलेला तो प्राणी आहे.

दुसरा धागा अधिक उपयोगाचा आहे. १८९८ साली थॉर्नडाइक यांनी मांजरांना खटक्याच्या पेटीत ठेवून दाखवून दिले, की ज्या कृतीतून सुख लाभते ती कृती प्राणी पुन्हा पुन्हा करतो. श्वानशिक्षणाचे सारे मर्म एवढ्यातच आहे. नको ते केल्यावर काय करावे, यापेक्षा हवे ते घडताच त्याचे चीज कसे करावे, हा प्रश्न मोठा.

समजा, बसायला शिकवायचे आहे. पाठीवर दाब देऊ नये. चिमटीत पोळीचा किंवा पनीरचा हरभऱ्याएवढा तुकडा घ्यावा, तो नाकासमोर धरून हळूहळू डोक्यावरून मागे न्यावा. मान वर गेली की बूड आपोआप खाली येते. ते टेकताक्षणी ‘शाब्बास’ म्हणावे आणि तुकडा द्यावा. ‘टेकताक्षणी’ या शब्दावर माझा भर आहे. एक-दोन क्षणांहून अधिक उशीर झाला, तर कुत्रा तोवर उठलेला असतो आणि बक्षीस उठण्याचे ठरते. कृती जमू लागली की मग शब्द जोडावा. पाच मिनिटांचा पाठ दिवसातून दोन-तीनदा पुरे; जेवणानंतर सुस्तावलेल्या कुत्र्यापुढे अर्धा तास बसण्यात अर्थ नाही. सवय पक्की झाली की दर वेळी तुकडा देण्याचे कारण उरत नाही. मधूनमधून द्यावा, एरवी पाठीवर हात पुरतो. हे तुकडे रोजच्या अन्नातून वजा करावेत. मात्र शिऱ्यातले बेदाणे, द्राक्षे, कांदा आणि चॉकलेट कुत्र्याला विषासमान आहेत, हे घरातील आजी-आजोबांना आवर्जून सांगावे, कारण लाड तेच अधिक करतात.

येथे आपल्यासारख्या मराठी घरांची एक खास अडचण सांगतो. आपण ‘बस’ म्हणतो, कुत्रा बसायला शिकतो. स्वयंपाकाला येणारी बाई हिंदी बोलणारी. तिच्या तोंडी ‘बस’ म्हणजे ‘पुरे’. ती दूधवाल्याला दारात ‘बस, बस’ म्हणाली, की आमचा कुत्रा निमूटपणे खाली बसे आणि बक्षिसासाठी तिच्याकडे पाहत राही. त्यात चिरंजीव इंग्रजीत हुकूम सोडणार. शेवटी आम्ही ‘बैठ’ हा शब्द ठरवला. मातृभाषेचा अभिमान मला कोणाहून कमी नाही, पण घरातील सर्वांनी एकच शब्द वापरणे कुत्र्याच्या दृष्टीने भाषाभिमानाहून महत्त्वाचे आहे.

हाक मारून बोलावण्याविषयी एकच पथ्य. ‘ये’ म्हटल्यावर आलेल्या कुत्र्याला कधीही रागावू नये, मग तो अर्ध्या तासाने का येईना. घरात घाण केली म्हणून त्याचे नाक त्यात घासण्याची रीत अजून काही घरांत आहे. त्यातून तो एवढेच शिकतो, की माणसासमोर विधी करणे धोक्याचे. मग तो पलंगामागे जाऊन करतो. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर पिल्लाला बाहेर न्यावे, आणि काम झाले की तिथल्या तिथे कौतुक करावे.

आता सर्वांत गंभीर मुद्दा. कुत्रा गुरगुरतो, तेव्हा ‘मला भीती वाटते, दूर राहा’ असे तो सांगत असतो. त्याबद्दल मारले, तर भीती तशीच राहते, गुरगुरणे तेवढे थांबते. असा कुत्रा पुढे इशारा न देता चावू शकतो, आणि ज्याला चावतो ते बहुधा घरातले मूल असते. २०२० साली पोर्तुगालमधील संशोधकांनी ९२ पाळीव कुत्र्यांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. शिक्षेवर भर देणाऱ्या वर्गांतील कुत्र्यांत ताणाची लक्षणे अधिक दिसली, आणि पाठानंतर त्यांच्या लाळेतील ताणदर्शक द्रव्यही अधिक वाढलेले आढळले. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला त्या वेळी दूर न्यावे, भीतीचे कारण शोधावे आणि पशुवैद्याला दाखवावे. पुष्कळदा कानाचे किंवा सांध्याचे दुखणे निघते.

गोडी म्हणजे मोकाट सोडणे, असा अर्थ कोणी घेऊ नये. पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारणाऱ्या कुत्र्याकडे पाठ फिरवावी, चारही पाय जमिनीवर आले की मगच लक्ष द्यावे. यात शिस्त पुरेपूर आहे, आणि ती पाळताना घरच्यांचीच परीक्षा अधिक होते.

आम्हां कार्यालयीन मंडळींना कलमाशिवाय चैन पडत नाही, म्हणून सांगतो. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम ११ अन्वये प्राण्याला मारहाण करून विनाकारण यातना देणे हा तर अपराध आहेच. परंतु नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे, आणि वाजवी कारणाशिवाय प्राण्याला उपाशीतापाशी मरायला सोडून देणे, हेही अपराध आहेत. बदलीचा हुकूम हे वाजवी कारण आहे, असे मला तरी त्यात कोठे आढळले नाही.

रेल्वेने कुत्रा नेता येतो. पहिल्या वर्गाचा कूपे किंवा केबिन पूर्ण आपल्या नावे असेल तर सोबत, नाहीतर गार्डच्या डब्यातील पेटीत, पार्सल कार्यालयात नोंद करून. अनोळखी, अंधारी पेटी मात्र त्याला एकाएकी सोसत नाही. म्हणून हुकूम हाती पडताच, सामान बांधण्याच्याही आधी, घरात एक मोठे खोके दार उघडे ठेवून मांडावे आणि रोजचे जेवण त्यात द्यावे. चार-आठ दिवसांनी तो आपणहून आत जाऊन झोपू लागेल. मग दार क्षणभर लावावे, उघडावे, तुकडा द्यावा. वेळ हळूहळू वाढवावा. माझ्या गेल्या दोन्ही बदल्या अशाच पार पडल्या.

कोणास काही विचारायचे असल्यास चहाच्या वेळी अवश्य विचारावे.