हृदयरोग, नैराश्य आणि वैयावृत्त्य



हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेला गृहस्थ घरी परततो. तपासण्यांचे अहवाल समाधानकारक असतात, आप्तेष्ट समाचार घेऊन जातात. तरीही तो मंदिरात जाणे टाळतो, स्वाध्यायात त्याचे मन लागत नाही, पहाटे अवेळी जाग येते, गोळ्या घ्यायच्या राहून जातात. ‘कर्मोदय समजून समता ठेवा’ असा उपदेश त्यास सर्वजण करतात. हेतू शुद्ध असतो. परंतु रुग्णाच्या माथी श्रद्धा उणी पडल्याचा आणखी एक दोष येतो.

वैद्यकशास्त्राचा अनुभव वेगळा आहे. झटक्यानंतर सुमारे पाचांपैकी एका रुग्णास तीव्र नैराश्य येते. कॅनडातील माँट्रिअल येथे 222 रुग्णांचा अभ्यास 1993 मध्ये प्रसिद्ध झाला. हृदयाच्या स्थितीतील फरक लक्षात घेऊनही, नैराश्यग्रस्तांमध्ये पहिल्या सहा महिन्यांतील मृत्यूचा धोका तिपटीहून अधिक आढळला. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2014 मध्ये अशा नैराश्यास धोक्याचा घटक म्हणून मान्यता देण्याची शिफारस केली.

मन आणि हृदय यांना जोडणारा एक दुवा म्हणजे दाह. जखम झाली की शरीर पांढऱ्या पेशी आणि काही प्रथिने तेथे धाडते. हे रक्षणाचे कार्य होय. परंतु हा दाह मंदपणे धुमसत राहिला, तर रोहिणीतील मेदाचा थर अस्थिर होतो, तो फुटून रक्ताची गुठळी होऊ शकते. नैराश्यात ताणाची संप्रेरके, रक्त गोठवणाऱ्या पेशी आणि हृदयाच्या ठोक्यांचे नियमन यांतही बिघाड दिसतो. उलट दिशेने, दाहाची प्रथिने मेंदूवर परिणाम करून थकवा, अरुची आणि उदासी आणतात. हिपॅटायटिस ‘सी’साठी पूर्वी दिल्या जाणाऱ्या इंटरफेरॉनमुळे अनेक रुग्णांस नैराश्य येई, ते याचेच द्योतक होय. अर्थात, प्रत्येक रुग्णाच्या नैराश्याचे मूळ दाहातच असते, असे नव्हे.

उपचारांविषयीही सत्यच सांगावयास हवे. सर्ट्रालिन हे औषध अशा हृदयरुग्णांसाठी सुरक्षित असल्याचे 2002 मध्ये दिसून आले. समुपदेशनाच्या 2003 मधील मोठ्या अभ्यासात नैराश्य कमी झाले, मात्र मृत्यूंचे प्रमाण घटले नाही. म्हणून आयुष्य वाढेल असे वचन कोणी देऊ नये. परंतु दुःख हलके होणे, झोप लागणे, औषधे व चालण्याचा व्यायाम पुन्हा सुरू होणे, हे लाभ थोडे नव्हेत. काही जुनी नैराश्यविरोधी औषधे हृदयास अपायकारक ठरू शकतात; म्हणून औषध तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यावे व स्वतःहून बंद करू नये.

घरच्यांनी दोनच प्रश्न विचारावेत. गेल्या दोन आठवड्यांत मन वारंवार उदास वाटते का? पूर्वीच्या आवडीच्या गोष्टींतील रस गेला आहे का? उत्तर ‘होय’ आल्यास हृदयरोगतज्ज्ञांस सांगावे, मनोविकारतज्ज्ञांचे साहाय्य घ्यावे. जगणे नकोसे झाल्याचे उद्गार निघाल्यास रुग्णास एकटे सोडू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. चौविहार पाळणाऱ्यांनी गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून सूर्यास्तापूर्वी बसवून घ्याव्यात; पर्वकाळातील उपवासही त्यांना विचारूनच करावेत.

आर्तध्यान ही संज्ञा आत्मपरीक्षणासाठी आहे, दुसऱ्याच्या आजाराचे निदान करण्यासाठी नव्हे. आपल्या परंपरेने वैयावृत्त्यास अभ्यंतर तपात स्थान दिले आणि औषधदानास चार दानांत गणले. रुग्णाजवळ शांतपणे बसणे, त्याचे ऐकून घेणे, त्यास दवाखान्यात सोबत करणे, हेही त्याच सेवाभावाचे रूप होय. सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक घराने अशा एका रुग्णाची वास्तपुस्त नियमाने घेण्याचा संकल्प केला, तर हा महोत्सव सार्थ होईल.

जय जिनेंद्र.