एका भूखंडाचे दोन भाग : परवानगी द्यावी काय?



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आपण मंडळाच्या गतकाळाचा आढावा घेत आहोत. त्याच ओघात आपल्या घरांच्या भवितव्याविषयी चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे. कोलकात्यात स्थायिक होऊन ज्या कुटुंबांनी तीन-चार कट्ठे जागेवर घर बांधले, त्यांच्या वारसांपुढे आज ना उद्या एक प्रश्न येतोच : या भूखंडाचे तुकडे होऊ द्यावेत की नाही?

वाटणीच्या बाबतीत आपण दोन परंपरांच्या सीमेवर उभे आहोत. विज्ञानेश्वराच्या 'मिताक्षरे'नुसार वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क जन्मतःच सिद्ध होतो. बंगालने प्रमाण मानलेल्या जीमूतवाहनाच्या 'दायभागा'नुसार तो पित्याच्या निधनानंतरच उत्पन्न होतो. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने हे अंतर बरेच कमी केले. पुरुष वारसांनी वाटणी केल्याखेरीज स्त्री-वारसांना राहत्या घराची वाटणी मागता येत नसे. ते कलमही २००५ साली रद्द झाले. तेव्हा पुण्यास किंवा नागपुरास नांदणारी बहीण आपला वाटा मागू लागली, तर ती घर मोडावयास निघाली असे म्हणणे अन्यायाचे होय. 'तुकडे नकोत' या वचनाआड पुष्कळदा दूर गेलेल्यांचा हक्क बुडविला जातो, हे आपण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

तथापि हक्क असणे वेगळे आणि जमीन विभागण्याजोगी असणे वेगळे. कट्ठा म्हणजे ७२० चौरस फूट. समजा, चार कट्ठ्यांचा भूखंड ३६ फूट रुंद व ८० फूट लांब आहे. तो उभा चिरला, तर १८ फूट रुंदीच्या दोन पट्ट्या होतील. प्रत्येकीच्या दोन्ही अंगांस चार-चार फूट मोकळे सोडले, तर बांधण्यास उरतील अवघे दहा फूट. आडवा चिरला, तर मागील भागास रस्ताच राहत नाही. आठ फुटांची वाट दिली, तर ४० फूट लांबीत ३२० चौरस फूट, म्हणजे सुमारे सात छटाक जागा खर्ची पडते. शिवाय या सपाट शहरात पावसाचे पाणी साचणे नित्याचेच. अंगणाची उघडी माती फरशीखाली गेली की ते पाणी शेजाऱ्याच्या दारी जाते. म्हणून हा निर्णय केवळ भावाभावांचा नसतो.

महाराष्ट्रात १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने शेतीच्या बाबतीत हाच विचार केला : ज्या तुकड्यावर नांगर फिरणे परवडत नाही, तो तुकडाच होऊ देऊ नये. घराच्या जागेस आम्ही हीच कसोटी लावू. ज्या भागात उजेड, वारा, सांडपाण्याची सोय आणि स्वतंत्र वाट मिळू शकते, त्याला संमती द्यावी. जेथे ती मिळत नाही, तेथे जमीन न चिरता तिचे मोल वाटून घ्यावे.

यालाही कायद्याचा आधार आहे. १८९३ च्या वाटणी कायद्यानुसार मालमत्ता सोयीने विभागता येत नसेल, तर निम्म्या किंवा अधिक हिश्श्याच्या धन्यांच्या विनंतीवरून न्यायालय तिच्या विक्रीचा आदेश देऊ शकते. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा परक्याने विकत घेऊन वाटणीचा दावा लावला, तर तो हिस्सा न्यायालयाने ठरविलेल्या किमतीस स्वतः घेण्याची संधी घरच्या वाटेकऱ्यास मिळते. परंतु दावा लढण्यात वर्षे जातात, आणि तोवर भिंतींबरोबर नातीही भंगतात.

म्हणून आमची विनंती एवढीच : वडीलधारी मंडळी हयात असतानाच सर्व वाटेकऱ्यांनी, बहिणींसह, एकत्र बसावे. प्रथम जागेची मोजणी करून घ्यावी, मग त्रयस्थाकडून किंमत ठरवावी, घरच्यांस प्रथम विचारावे, आणि ठरेल ते नोंदणीकृत दस्ताने पक्के करावे. महानगरपालिकेची परवानगी त्यानंतरची. ती नकाशा तपासते, मने तपासत नाही.

परमुलखात आपल्याला नात्याची माणसे थोडी. जमिनीची वाटणी न्यायाने झाली, तर सणावारी एकमेकांच्या उंबरठ्यावर जाण्यास संकोच वाटणार नाही.